पश्चिमेचं लव्हाळं

थोरली बहीण बावीस वर्षं वनखात्यासाठी खाडीकाठच्या पाणथळीत पक्षी मोजत आली होती. गुडघाभर चिखल, गळ्यात दुर्बीण, खिशात वही. धाकटी त्याच खात्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत बसून उपग्रहाच्या चित्रांवरून पाणथळीतली हिरवळ मोजायची. तिला नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती, पण साहेबांच्या तोंडी उठता-बसता तिचंच नाव. आईसुद्धा शेजारणीला सांगायची, "आमची धाकटी आकाशातून बघते हो!" थोरली कुठून बघते, हे कुणी विचारत नसे.

एकदा धाकटीनं तिला दहा वर्षांची चित्रं ओळीनं दाखवली. "ताई, पश्चिमेला बघ, हिरवं दुप्पट झालंय. सुधारतेय ना पाणथळ?"

थोरलीला पाहताक्षणी कळलं. ते माजलेलं लव्हाळं होतं. त्यानं उघडा चिखल गिळला होता, आणि चिखलात चोच खुपसून किडे टिपणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरली नव्हती. दर हिवाळ्याचे घटते आकडे तिच्या वहीत होते. जीभ वळवळली, पण "तुला जास्त कळतं बाई," एवढंच ती बोलली. पडू दे एकदा तोंडघशी.

बैठकीत धाकटीनं हिरवळीचं कौतुक सांगितलं, टाळ्या पडल्या. मग थोरली उठली आणि तिनं वहीतले दहा हिवाळे वाचून दाखवले. धाकटीचे कान लालबुंद.

जिन्यात तिनं थोरलीला गाठलं. "तुला त्या दिवशीच माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं नाव ऐकून ऐकून कान किटले होते माझे."

धाकटी भराभर जिना उतरून निघून गेली.

आठ दिवसांनी धाकटीचा सुधारलेला अहवाल आला. लव्हाळ्याला वेगळा रंग, शेजारी थोरलीचे आकडे, आणि वर नावही थोरलीचं आधी. त्यावरूनच लव्हाळं कुठं कापायचं ते ठरलं. साहेब म्हणाले, "चूक कबूल करायला मोठं मन लागतं!" बघत होते धाकटीकडे. थोरलीनं वही फटकन मिटली. चुकण्याचंही कौतुक हिच्याच वाट्याला!

कापणीनंतरच्या हिवाळ्यात पश्चिमेच्या चिखलात तीनशे बारा पक्षी उतरले; आदल्या हिवाळ्यात चाळीसही नव्हते. थोरलीनं दोनदा मोजले आणि तिथूनच धाकटीला फोन लावला.

"खरंच, ताई?"

"खोटं कशाला सांगू? आणि हे बघ, साहेबांना मी सांगणार. तू तोंड उघडायचं नाहीस."