नारंगी माशाचं स्थळ

मेहुण्याची बदली झाली आणि त्याची समुद्री माशांची टाकी इकडे कानडी मुलखात, आमच्या जयनगरच्या घरी हॉलमध्ये आली. आत क्लाउनफिशची, म्हणजे नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची, जोडी होती, असं तो आजही चारचौघांत सांगतो. टेम्पोतून डबा उतरवला तेव्हा दोघांपैकी एक मासा मरून उलटा तरंगत होता, हे मी आणि माझ्या बायकोने डोळ्यांनी पाहिलंय. तरी सगळ्या नातेवाइकांत याने पसरवलं, की भावजींनी खाऱ्या पाण्यात काटकसर केली. माझा धंदा जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांचा, त्यामुळे लॉरीवाले ओळखीचे. त्यांच्याकरवी मी मंगळूरहून समुद्राचं पाणी कॅन भरभरून मागवत होतो. आणि म्हणे काटकसर!

एके दिवशी त्याचा फोन आला. "भावजी, एकटा मासा झुरून जाईल. दिवाळीला येतो तेव्हा टाकी कोरमंगलाच्या मित्राला देतो. त्याला यातलं कळतं."

म्हणजे मला कळत नाही. मी फोन आपटला.

बायको टाकीपाशी उभी होती. ऑफिसला निघण्याआधी ती रोज माशाला खायला घालायची, आणि तिच्या साडीचा काठ जाईल तिकडे तो काचेतून मागे मागे फिरायचा. ती एवढंच म्हणाली, "न्यायला देऊ नका हं."

त्याच संध्याकाळी मी शिवाजीनगरच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराकडे दोन क्लाउनफिश होते. एक बोटाच्या पेराएवढा, दुसरा चांगला थोराड, आमच्या माशाच्या तोडीचा. त्याने जाळी लहानाकडे नेली.

"सार, यही लेव. छोटा ठीक बैठता."

दुकानात माझ्या हाती लहान नग द्यायला येणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. मोठा नग मोठ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला असतो. शिवाय स्थळ पाहायला निघालो होतो, आणि आमच्यात नवरा मुलीपेक्षा उंच हवा हे ठरलेलं. माझ्या लग्नात मी दोन बोटं कमी पडलो, तर याच मेहुण्याने फोटोसाठी मला पाटावर उभं केलं होतं. माझ्या माशाच्या बाबतीत असलं काही व्हायला नको होतं. मी हुज्जत घातली, आवाज चढवला, दुकानातून दोनदा बाहेर पडलो, आणि लहानाच्या भावात मोठा घेऊन आलो.

"सरी सार, तुमकू जो होना," म्हणत त्याने पिशवी बांधली. ओठांत हसला. मला वाटलं, हरला म्हणून हसतोय.

पिशवी टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात मिसळलं आणि पाहुण्याला सोडलं. आमच्या माशाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि थेट शेपटीचा लचका तोडला. तोही वस्ताद, उलटून कल्ल्याला भिडला. दोघे तोंडात तोंड अडकवून वाळूवर लोळायला लागले.

"अहो, काढा त्याला!" बायको ओरडली. मी बाहीसकट हात घातला आणि पाहुण्याला चाळणीत धरलं.

ती चाळणीकडे बघत म्हणाली, "एका स्वयंपाकघरात दोन सासवा आणल्यात तुम्ही. दोघीही मोठ्या. कोण कोणाचं ऐकणार?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोचलो तो भडकूनच. "भांडखोर मासा दिलास!"

"सार, बडा वाला मादी होता. दोनों बडा, तो दोनों मादी. मादी बडा, नर छोटा, ऐसाच जोडी बनता."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"आप बोलने दिया क्या?"

आता लहानाच्या भावात मोठा नेला होता, तर मोठा परत देऊन लहान घेताना मला वर काहीतरी मिळायला हवं, हा साधा हिशेब त्याला पटेना. पटवायला बराच वेळ लागला. त्या लहान माशासोबत मी एक सुंदर भोकाभोकांचा दगडही घेऊन आलो.

या वेळी बायकोने घाई करू दिली नाही. लहानाला भाजीच्या प्लास्टिकच्या चाळणीत घालून ती चाळणी टाकीतच टांगली. "आधी बघू दे एकमेकांना स्वल्प." मोठी येऊन चाळणीला टकरा द्यायची. हळूहळू टकरा थांबल्या आणि ती नुसतीच शेजारी घुटमळायला लागली. मग एका रविवारी आम्ही चाळणी कलती केली.

मोठी सरळ त्याच्या अंगावर गेली. मी बाही सरसावून तयारच होतो. पण बेटा पळाला नाही, भिडलाही नाही. एका कुशीवर कलंडला आणि थंडी भरल्यासारखा थरथरला. ती थबकली. त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि त्या नव्या दगडाकडे निघाली. तो थरथरतच तिच्यामागे.

"झालं, तो नमला. जमली जोडी," बायको म्हणाली, आणि टाकीसमोरच बसकण मारली. त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

दिवाळीला मेहुणा आला. बूट न काढताच टाकीपाशी गेला. "एवढासा? भावजी, इथेही काटकसर?"

मी तोंड उघडणार तोच त्याची बहीण म्हणाली, "जरा गप बघ."

तो बघत राहिला. मोठी दगडाच्या पोकळीत शिरली, लहान तिच्या पोटाखाली. त्याची कॉफी निवली. टेम्पोतल्या माशाची गोष्ट त्याने काढली नाही, कोरमंगलाच्या मित्राचीही नाही. निघताना मात्र दारात घुटमळला.

"पिल्लं झाली तर दोन मला द्याल ना?"

"देईन की," मी म्हणालो. "पण आधी भाव ठरवू. बस आत."