वन्संचा फ्लॉपीवाला कॅमेरा

आमच्या वन्संसारखी बाई साऱ्या सोलापुरात दुसरी नाही, आणि समजा असती, तर दोघींना पुरतील एवढ्या फ्लॉप्या आता या जगात उरलेल्या नाहीत. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तिच्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस आणि तिच्या कॅमेऱ्याला हसू नकोस. बाकी तिच्याइतकी साधी बाई नाही." पहिली गोष्ट मी आजवर पाळली. दुसरी पाळताना पदर तोंडात कोंबावा लागला.

हा कॅमेरा अमेरिकेतल्या त्यांच्या एका पुतण्यानं अडगळीत टाकला होता; वन्संनी तो मागून घेतला. आकारानं दिवाळीच्या लाडवांच्या डब्याएवढा, आणि वजन डबा भरलेला असल्यासारखं. त्याच्या कुशीला एक फट आहे, तिच्यात चौकोनी फ्लॉपी सरकवायची, मग फोटो काढायचा. खटका दाबला की फोटो निघाला असं समजणाऱ्यांची वन्संना कीव येते. खटका दाबल्यावर कॅमेऱ्याच्या पोटात कुर्रकुर्र सुरू होतं, फोटो फ्लॉपीवर उतरत असतो, आणि तेवढा वेळ समोरच्यांनी हलायचं नाही असा वन्संचा दंडक आहे. खरं तर तेव्हा हललं तरी काही बिघडत नाही, हे माझ्या नवऱ्यानं त्यांना एकदा समजावून सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "कुणी जेवत असताना आपण उठून जातो का? गिळू दे की त्याला." माझ्या मुलाच्या बारशात पाळण्याभोवतीच्या साऱ्या बायका ओठ आवळून त्या कॅमेऱ्याचं गिळणं संपायची वाट बघत उभ्या होत्या. पाळण्यातलं पोरसुद्धा रडायचं थांबून तो आवाज ऐकत होतं.

वन्संनी उभा जन्म टायपिंगच्या क्लासात शिकवण्यात घालवला. क्लास बंद पडला तेव्हा तिथला कॉम्प्युटर त्या रिक्षातून मांडीवर घेऊन सोलापूरला लागून असलेल्या कुंभारीतल्या आपल्या घरी आल्या. गल्लीतले सगळे त्यांना अजून 'बाई'च म्हणतात. तो कॉम्प्युटर आता दुधावरच्या सायीच्या रंगाचा झालाय, त्याच्या पडद्याला मागे भलंमोठं पोट आहे, आणि अंगावर कायम एक चादर असते. उन्हाळ्यात सोलापूर तव्यासारखं तापलं की घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून चालतो आणि वन्सं पुठ्ठ्यानं वारा घेत बसतात. बटण दाबल्यावर तो सुरू होईपर्यंत आपण चहा टाकून, गाळून, पिऊन, कप विसळून यावं. "उठतोय तो," वन्सं म्हणतात, "वय झालंय. एकदम उठवलं की चक्कर येते."

फ्लॉपीचं आणि लोहचुंबकाचं हाडवैर. त्यामुळे माझ्या पर्सला चुंबकाचं बटण आहे हे कळल्या दिवसापासून ती पर्स वन्संच्या उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी बसते. एकदा गल्लीतल्या कुत्र्यानं ती तोंडात धरून पळवली. वन्सं माझ्याबरोबर पळाल्या, पर्स सोडवून आणली, झटकली आणि परत चपलांपाशीच ठेवली. नव्या फ्लॉप्या मिळेनाशा झाल्यावर त्यांनी बाजारातला एक भंगारवाला गाठला. कुठल्या कचेरीचं जुनं सामान आलं की तो लांबूनच ओरडतो, "मॅडम, तुमारे वास्ते रख्या हूं!" आणि वन्संचा चेहरा असा फुलतो, की सराफानं पाटल्या काढून ठेवल्या असत्या तरी तो इतका फुलला नसता.

एवढं सगळं हसण्यावारी नेता येतं. पण वन्संना फोटो काढताना बघितलं की माझं हसू आपोआप मावळतं. एका फ्लॉपीत मोजकेच फोटो मावतात, म्हणून त्या उगाच खटका दाबत नाहीत. समोर बसतात, गप्पा मारतात, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढं करतात. समोरच्याला कॅमेऱ्याचा पार विसर पडल्यावर कधीतरी तो खटका होतो. मग तो फोटो कॉम्प्युटरवर उघडायचा. तो एकदम दिसत नाही. वरून खाली, एकेक रेघ करत उतरतो. आधी आभाळ, मग केस, कपाळ, डोळे. रोज दिसणाऱ्या माणसाकडेही आपण इतक्या सावकाश कधी बघितलेलं नसतं. मी स्वतःचा चेहरा असा उतरताना पाहिला आणि क्षणभर वाटलं, ही कोण बाई आहे, हिच्याशी ओळख करून घ्यायला हवी.

वन्संच्या भिंतीला भिंत लावून एक तेलुगू बोलणारं पद्मशाली विणकरांचं कुटुंब राहतं. घरातला कर्ता पुरुष चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर होता. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा हा माणूस बोलायला अगदी हळू, आणि दात पुढे म्हणून हसताना तोंडावर हात धरणारा. फोटो म्हटलं की तो आत पळायचा. दोन वर्षांपूर्वी थोड्याशा आजारपणात तो गेला. घरात एक जुना मोबाईल होता, तो नवा घेताना दुकानात देऊन टाकलेला. त्यातले फोटोही गेले. उरला तो आधारकार्डावरचा, ज्यात कुणीही कैद्यासारखंच दिसतं.

यंदा त्यांच्या लेकीचं, लावण्याचं लग्न ठरलं. तिची आई वन्संच्या दारात येऊन उभी राहिली. मी तेव्हा तिथंच होते.

"बाई, तुमी एकदा काढला होता की त्येंचा फोटो. मांडवात पाटावर ठेवायला पायजे. पोरगी म्हणते, कार्डावरचा ठेवू नका, त्यो माझा नायना न्हाय." नायना म्हणजे त्यांच्या तेलुगूत वडील.

वन्संनी स्टीलचे डबे खाली काढले. कॉम्प्युटरच्या पोटात जागा थोडी, म्हणून फोटो फ्लॉपीतच राहिलेले. प्रत्येक फ्लॉपीवर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'गल्लीत नळ आला', 'दाढदुखी', 'वहिनी रुसली'. ही शेवटची माझी. अखेर एक निघाली: 'रविवार, माग बंद'.

कॉम्प्युटर उठेपर्यंत मायलेकी शेजारी शेजारी बसून होत्या. फ्लॉपी आत गेली, घरघर झाली आणि पडद्यावर रेघा उतरू लागल्या. पत्र्याचं छत आलं. मग खिळ्याला टांगलेली पिशवी. मग केस, कपाळ. भुवया आल्या तशी लावण्या पुढं सरकली. डोळे आले, बारीक झालेले, कडेला सुरकुत्या पडलेले, आणि तिथंच सगळं थांबलं. खाली नुसता करडा रंग. फ्लॉपी वाचता येत नाही, असं कॉम्प्युटरनं कळवलं.

वन्संनी ती पुसून, फुंकर मारून परत घातली. डोळ्यांच्या खाली काही उतरेना.

"राहू द्या बाई," लावण्याची आई म्हणाली. "डोळे दिसले. लई झालं."

लावण्या पडद्यापुढून उठली नाही. करड्या रंगाकडे बघत राहिली. वन्सं उठल्या, खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता यांना रडू येणार. पण त्या एकदम वळल्या. "अगं, ज्याच्या हातचं अक्षर, त्यालाच लागतं! लिहिलंय कुणी? कॅमेऱ्यानं लिहिलंय. त्यालाच वाचायला सांगू की!"

बॅटरी चार्ज करून कॅमेऱ्यात घातली, फ्लॉपी त्याच्या फटीत सारली. कुर्रकुर्र सुरू झालं आणि एरवी लयीत चालणारा तो आवाज दगडावर खुरपं घासावं तसा खरखरत राहिला. मग पाठीमागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तो माणूस आला. सबंध आला. हात तोंडाकडे निघालेला पण अजून पोचायचा होता, आणि त्याआधीच वन्संनी खटका दाबलेला. सगळे दात बाहेर, मान मागे टाकलेली. या माणसाला असं हसताना मी कधीच बघितलं नव्हतं.

"नायना," लावण्या एवढंच म्हणाली. तिची आई तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पडद्यावर बॅटरीची खूण लुकलुकू लागली. हातोहात फिरणाऱ्या मोबाईलवरच्या फोटोंना 'उष्टे फोटो' म्हणणाऱ्या आमच्या वन्सं गरजल्या, "अगं, बघत काय बसलात? मोबाईल काढा! ही फ्लॉपी परत चालायची नाही!"

लावण्यानं मोबाईल धरला, वन्संनी कॅमेरा घट्ट धरला, आणि फोटो निघाला. पुढच्याच क्षणी पडदा काळा झाला. ती फ्लॉपी त्यानंतर खरंच कधी उघडली नाही.

लग्नात तो फोटो मोठा करून, हार घालून पाटावर ठेवला होता. स्टुडिओवाला म्हणाला होता, कडेचं कापून टाकतो. लावण्यानं कापू दिलं नाही. म्हणून त्या हसऱ्या माणसाच्या शेजारी, फ्रेमच्या काठावर, एक सुरकुतलेला अंगठा आहे. नवऱ्या मुलाकडच्या एका म्हातारीनं वाकून विचारलं, "हा कुणाचा गं अंगठा?"

"आमच्या बाईंचा," लावण्याची आई म्हणाली आणि अक्षता घ्यायला वळली.

मी वन्संना शोधलं. त्या मांडवाच्या टोकाला खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर तो जड कॅमेरा. फोटो काढत नव्हत्या. सासरी निघालेल्या पोरीकडे नुसत्या बघत होत्या, सावकाश, वरून खाली.