चुकीची वाक्यं ताईच्या वाट्याला

आमच्या घरात इंग्रजीची जाणकार म्हणजे मी. का, तर मॅट्रिकला मला इंग्रजीत छत्तीस मार्क पडले आणि पास व्हायला पस्तीस लागायचे. तो वरचा एक मार्क मी आजवर पुरवून पुरवून वापरते आहे. भाचरं हसतात, त्यांना वाटतं मावशी गंमत करते. हसू देत.

ताई माझ्याहून दीड वर्षाने मोठी. टायफॉईडमध्ये तिचं एक वर्ष गेलं, म्हणून आम्ही दोघी एकाच वर्गात आलो आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटीशेवटी एकाच मार्चात मॅट्रिकला बसलो. बाकी सगळ्या विषयांत ती माझ्या पुढे. गणितात तर मी तिच्या वहीवरच जगले. पण इंग्रजीत तिला सत्तावीस पडले आणि एवढ्यावरून मी पास, ती नापास.

ताईला मास्तरीण व्हायचं होतं. लहानपणी खेळताना इतर पोरी बाहुलीची लग्नं लावायच्या, ही त्याच बाहुल्यांची हजेरी घ्यायची. भंडाऱ्याच्या ट्रेनिंगचा फॉर्म तिने निकालाच्या आधीच मागवून ठेवला होता आणि त्यावर पेन्सिलने आपलं नाव लिहिलं होतं. पेन्सिलने, म्हणजे खोडता यावं म्हणून. एवढी ती धोरणी.

निकालाच्या दिवशी बाबा ओसरीवर बसले होते. नदीपलीकडचे पाहुणे अक्षय्य तृतीयेलाच ताईला बघून गेले होते आणि त्यांचा निरोपावर निरोप येत होता. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"पाय बाई, ऑक्टोबरले आणखी एक बार बस. पास निघाली तं ट्रेनिंगले धाडतो. नाही निघाली तं पाहुण्याईले हो म्हणून टाकतो. मंग मले दोष नोको देऊ."

"नाही देत," ताई म्हणाली.

मग आम्ही दोघी आमच्या इंग्रजीच्या सरांकडे सिहोऱ्याला गेलो. सरांनी तिची मार्कलिस्ट बघितली, बोटावर हिशेब केला आणि म्हणाले, "निबंध सोड. पत्र जेवढं येते तेवढं लिही. वाक्यं दुरुस्त करण्याचा प्रश्न दहा मार्काचा राहते, अन् गाइडातलीच वाक्यं येतात. तेवढा एक प्रश्न पाठ कर. आठच मार्क पाहिजेत तुले."

मार्चात त्या प्रश्नात ताईने एकही वाक्य सोडवलं नव्हतं. म्हणजे वाट सरळ होती. गाइडमध्ये शंभर वाक्यं होती. डाव्या बाजूला चुकीचं, उजव्या बाजूला बरोबर.

पण तोवर रोवणा लागला, म्हणजे भाताची लावणी सुरू झाली. आमच्याकडे धानाचा रोवणा लागला की घरात कोणी मॅट्रिकवालं नसतं आणि कोणी नापासही नसतं, सगळ्यांना धानाच्या बांधीत उतरावं लागतं. सकाळी चिखलात पाय घातला की दिवस मावळायला बाहेर. घरी आल्यावर ताई पुस्तक उघडायची आणि पहिल्या ओळीवर झोपायची.

तेव्हा मला युक्ती सुचली. मला युक्त्या सुचतात हा माझा जुना आजार आहे.

रोवणाऱ्या बाया रांगेत वाकून, मागे मागे सरकत परे, म्हणजे धानाची रोपं, लावतात आणि गाणं म्हणतात. एक बाई ओळ सुरू करते, बाकीच्या ती पुरी करतात. आमच्या रांगेत ओळ सुरू करण्याचा मान ताईचा, कारण आवाज तिचा. मी तिला म्हटलं, गाण्याऐवजी वाक्यं म्हण. तू चुकीचं म्हण, रांग बरोबर म्हणेल. आमचे सर वर्गात असंच करत. फळ्यावर चुकीचं वाक्य लिहायचे आणि सगळा वर्ग ओरडून बरोबर सांगायचा. मी ताईला सर केलं. तिला मास्तरीण व्हायचंच होतं, मला वाटलं दोन कामं एका वेळी होतील.

पहिले दोन दिवस बाया हसून हसून चिखलात बसल्या. मग चाल सापडली. ताई म्हणायची, "ही गो टू स्कूऽल वो बाई", आणि दहा बाया एका सुरात, "ही गोज टू स्कूऽल!" ताई म्हणायची, "शी डोन्ट लाइक मिल्क", की रांग उसळून, "डझन्ट वो बाई, डझन्ट!" कोणी चुकलं की मी शेवटून ओरडून दुरुस्त करायची. मी नेहमीच शेवटी असायची, कारण माझे परे वाकडे लागत आणि शेजारच्या काकू ते उपटून पुन्हा लावत.

या काकू कधी शाळेच्या पायरीला शिवल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी त्यांनी कंबर सरळ केली.

"काहून वो, हा शाळेत जाणारा कोण आहे?"

"कोणी नाही काकू, उगाच वाक्य आहे."

"रोजच जाते अन् रोजच चुकते. त्याच्या मायले सांगा, घरी ठेव म्हणा त्याले. इकडे परे तरी टाकू लागंल."

"अन् ते दूध न पिणारी?" दुसरी म्हणाली.

"तिले सासरी धाडा. आपसूक पीन."

ताईसुद्धा हसली. त्या दिवसांत ती खूप हसायची. पंधरा दिवसांत शंभर वाक्यं बसली. एकदा सर शेताच्या धुऱ्यावरून सायकल हातात धरून चालले होते. ते थांबले, पूर्ण दहा वाक्यं त्यांनी ऐकली आणि मला म्हणाले, "शाबास! हे तं मलेही नसतं सुचलं." ती शाबासकी मी आठवडाभर घरात सांगत फिरले.

एकदा जेवताना मी मुद्दाम ताईची परीक्षा घेतली. मध्येच म्हटलं, "वन ऑफ माय फ्रेंड इज इल." उत्तर लगेच आलं, "फ्रेंड्स!" पण ते चुलीजवळून आलं. मायने दिलं होतं, तीही रांगेत असायची; हातात पोळी होती तिच्या. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आम्ही सगळेच हसलो. ताईने उत्तर दिलं नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. घरात उत्तर आलं म्हणजे ताईला आलं, असं मी धरून चालले.

रोवणा संपला. वाक्यं पक्की झाली म्हणून मी गाइड फळीवर ठेवून दिलं आणि उरलेला महिना ताईला पत्रलेखन घोटायला लावलं. पुन्हा युक्ती!

ऑक्टोबरात सेंटर तुमसरला होतं. मी सोबत गेले आणि शाळेच्या फाटकाबाहेर राइस मिलच्या भिंतीला टेकून तीन तास उभी राहिले. मिलचा कोंडा डोक्यावर पडत होता. ताई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्रश्नपत्रिका होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"आली का वाक्यं?" मी विचारलं.

"सगळी आली. आपलीच. मी म्हणत होती तीच, तशीच्या तशी."

"मंग?"

"मंग काय. वाचलं की मले माही ओळ आयकू ये. त्याच्यापुढं काही येच ना. मी वाट पाहत राहिली."

"कोणाची?"

"मले काय माहीत कोणाची!" ती एकदम चिडली. मग हळू आवाजात म्हणाली, "दोन लिहिले. ते पण काय लिहिले देव जाणे. माह्या डोक्यात इंग्रजी बसतच नाही वो. बसणारच नाही."

तिथे, त्या भिंतीपाशी, मला कळलं काय झालं ते. सगळा रोवणाभर तिच्या तोंडून मी फक्त चुकीची वाक्यं म्हणून घेतली होती. एकही बरोबर वाक्य तिच्या जिभेवरून कधी गेलंच नव्हतं. ती सगळी काकूंकडे, रांगेतल्या बायांकडे आणि चुलीजवळच्या मायकडे जमा होती. आमच्या गावच्या दहा अशिक्षित बाया त्या प्रश्नात आरामात पास झाल्या असत्या.

मी हे तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "चल, गाडी निघून जाईल."

डिसेंबरात निकाल आला. एकोणतीस. बाबांनी कोणाला काही न विचारता नदीपलीकडे माणूस धाडला. ताईने शब्दाप्रमाणे दोष दिला नाही, बाबांना नाही आणि मलाही नाही. माघात लग्न झालं. आणि पुढच्या जूनमध्ये, घरात पास झालेली मुलगी एकच उरली म्हणून, ट्रेनिंगला मी गेले. मला मास्तरीण व्हायचंच नव्हतं. काय व्हायचं होतं, तेही नक्की नव्हतं म्हणा. पुढे साकोलीकडच्या शाळेत लागले आणि वर्षानुवर्षं पोरांची वाक्यं दुरुस्त करत राहिले. त्यांच्याकडून बरोबर वाक्य मात्र दहादा म्हणून घेते, एवढं शिकले.

ताईचा संसार तसा बरा आहे. भाऊजी सरळ माणूस. पोरांनी इंग्रजीचं काही विचारलं की ती म्हणायची, "मले नोको विचारू बाप्पा, मी ढ. मावशीले विचार." असं म्हणायला तिला काही वाटत नसे. ऐकताना मला वाटे.

शेवटी बऱ्याच वर्षांनी, ऐंशीचं दशक सरता सरता, एका दुपारी तिच्या अंगणात मी सांगून टाकलं. रांग, तिची ओळ, बायांची ओळ, माझी युक्ती, सगळं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात थांबले नाहीत. मला वाटलं ती रागावेल, नाहीतर हसेल तरी. दोन्हीची तयारी करून गेले होते.

"म्हणजे माह्यात कमी नव्हतं?" तिने विचारलं.

"नव्हतं ताई."

"मी निघाली असती?"

"निघाली असती."

तिने दोनचार खडे वेचले.

"आता कायले सांगून राहिली वो?" ती म्हणाली. "मी ढ आहे म्हणून बसली होती ना गुमान. तेवढं धरलं की बाकी काही वाटत नव्हतं. ते पण काढून घेतलं तू."

सूप खाली ठेवून ती आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली असेल. पण ती बाहेर आली नाही. अंगणातल्या कोंबड्या हळूहळू सुपाजवळ आल्या, त्यांना हाकलत बसले. बऱ्याच वेळाने भाऊजी शेतातून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "काहो, तुमचा चहा झाला का नाही?"

मी म्हटलं, झाला.