धावपट्टीखालची सहा शेतं

मोरिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि तीन महिन्यांत इतिहासकार झालो. कात्रपच्या आमच्या सोसायटीची स्मरणिका निघत होती, त्यात मला एक पान मिळालं. विषय मीच घेतला, अंबरनाथजवळची जुनी धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. लढाई संपली, विमानं गेली, पट्टी राहिली. तिथेच मी चाळिशीत कार शिकलो आणि एवढ्या मोकळ्या जागेत असलेल्या एकुलत्या एका म्हशीला धडकलो. म्हशीला काही झालं नाही.

माहिती काढायला गेलो तेव्हा तिथे एक म्हातारे बाबा बकऱ्या चारत होते. मी त्यांना अर्धा तास धावपट्टीचा इतिहास ऐकवला. हो, मी त्यांना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही उभे हाय ना, ते आमचं लांबट."

लांबट हे शेताचं नाव. मग त्यांनी मला पट्टीवरून चालवत एकेक शेत दाखवलं. वडाचं, लांबट, विहिरीचं, वाकडं, बोडकं, म्हसोबाचं. जमीन गेली तेव्हा ते आईच्या कडेवर होते, नावं वडिलांनी पाठ करून घेतलेली. "पोरांना येत नाय," ते म्हणाले. "कागदावर नुसते नंबर. मी गेलो की कोन सांगनार? तुमच्या पुस्तकात तेवढी घाला." मी शब्द दिला.

पान जुळवताना जागा कमी पडली. दोन ओळी गाळा नाहीतर तुमचा फोटो गाळा, असं छापणारा म्हणाला. फोटोत मी पट्टीवर गॉगल लावून, हाताची घडी घालून उभा, जणू आत्ताच विमान उतरवलंय. बायको म्हणाली, "तुमचं थोबाड सोसायटी रोज बघते." तरी मी नावांच्याच ओळी काढल्या. लाज वाटते सांगायला, पण काढल्या.

बाबा प्रत न्यायला रिक्षा करून घरी आले, येताना पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नव्हतं. "वाचा," म्हणाले. वाचत वाचत गाळलेल्या नावांच्या जागी पोचलो आणि ती छापल्यासारखी तोंडपाठ म्हणू लागलो. ते बोटांवर मोजत होते.

"पाचच झाली. वाकडं ऱ्हायलं."

मी पानात डोकं घातलं.

"छापनाऱ्याची चूक असंल," तेच म्हणाले. मग चाचपत पानावर बोट टेकवलं. "पेनानं लिहा. हितं जागा हाय का?"

बोट माझ्या फोटोवर होतं. बायकोने पेन आणून दिलं.

"आहे, बाबा," म्हणालो आणि माझ्या गॉगलपासून बुटांपर्यंत सहाच्या सहा नावं लिहिली.

बाकीच्या प्रती तोवर घरोघर वाटून झाल्या होत्या. त्या संध्याकाळपासून मी पेन घेऊन दारं वाजवतोय. लोकांना वाटतं, लेखक सही द्यायला आलाय.