बर्फ वितळायच्या आत

वरच्या वाडीत पोहोचून मी थर्मासचं झाकण उघडलं, तर आत नुसतं पाणी. लसीच्या बाटल्या त्यात तरंगत होत्या. बोट बुडवून पाहिलं, पाणी गारही राहिलं नव्हतं. समोर सातआठ बाया पोरं काखेत घेऊन बसल्या होत्या. बाकीच्या वाट बघून कामाला निघून गेल्या होत्या. मी झाकण परत लावलं आणि म्हणाले, "आज सुई नाही."

"मंग आलीस कशाला?" बुधीबाय म्हणाली. बुधीबाय म्हणजे वाडीची सुईण. ती कुणालाच अहोजाहो करत नसे, डॉक्टरांनाही नाही. आणि तिचं विचारणं काही चूक नव्हतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. खालापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स होते, राहायला कर्जतला भिसेगावात. वरची वाडी माझ्या बीटमध्ये यायची. बीट म्हणजे एका नर्सच्या वाट्याला आलेली गावं. महिन्यातून एकदा तिथे लसीकरणाचं सेशन असे. ट्रिपल आणि पोलिओची लस थंडच ठेवावी लागते. बर्फ संपला की लस बाद. मग ती दिली काय नि न दिली काय, सारखंच.

सकाळी केंद्रातून थर्मासमध्ये बर्फ भरून निघायचं, एसटीने पायथ्याच्या गावात उतरायचं, तिथली घरं करायची आणि मग डोंगर चढायचा. वर गेल्यावर सिरिंज-सुया चुलीवर उकळायच्या, त्यात अर्धा तास. थर्मास जुना झाला होता, बर्फ जेमतेम बारापर्यंत टिकायचा. नोकरीला लागले तेव्हा ती चढण मी पाऊण तासात चढायचे. चौदा वर्षांनी मला दोन तास लागत होते. मधल्या काळात डोंगर काही वाढला नव्हता.

केंद्रावर आल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला.

"सलग दुसऱ्या महिन्यात लस बाद. काय प्रकार आहे, बाई?"

"थर्मास बदलायला हवा, सर."

"इंडेंट पाठवलाय." इंडेंट म्हणजे सामानाची मागणी. ती वर जाते आणि वरच रमते. "तो येईल तेव्हा येईल. तुम्ही जरा काट्यावर उभ्या राहा."

काटा एकोणऐंशीवर थांबला. माझी उंची पाच फूट. बीपीही वाढलेलं निघालं.

"पुढचे तीन महिने बघतो," डॉक्टर म्हणाले. "लस वेळेत पोहोचली नाही, तर वाडी तुमच्याकडून काढतो. तुम्ही ओपीडी सांभाळा."

"आणि वाडीतली पोरं?"

"त्यांना खाली बोलवू."

"ती येणार नाहीत, सर."

"ते मलाही कळतं," ते म्हणाले आणि कागदात डोकं घातलं. माणूस चांगला होता. त्यांच्याकडे दुसरी नर्सच नव्हती.

मला रडू आलं, पण ते घरी जाऊन. आदल्या पावसाळ्यात बुधीबायची नात डांग्या खोकल्याने गेली होती. ट्रिपलमध्ये तीन लसी असतात, त्यातली एक त्याच खोकल्याची. त्या पोरीला एक डोस मिळाला होता, पुढचे राहिले होते. मी जायला उशीर केला म्हणून राहिले, हे बुधीबाय कधी बोलली नाही. मला मात्र ते माहीत होतं. म्हणून ठरवलं, वाडी सोडायची नाही.

आणि लगेच चूक केली. गावोगावच्या बायांना आहार शिकवणारी मी, माझं जेवणच बंद केलं. सकाळी नुसता चहा, दुपारी नुसता चहा, रात्री अर्धी भाकरी. मार्चचं सेशन आलं. दुसऱ्या वळणावर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी मटकन खाली बसले. बुधीबाय मोळी घेऊन त्याच वाटेने येत होती. तिने मोळी टाकली, मला पाणी पाजलं, फडक्यातली नाचणीची भाकर पुढे केली.

"काय खाल्लंस सकाळी?"

"चहा."

"उपाशीपोटी डोंगर चढतेस? आमी भाकर खाऊन मोळीला जातो. तू शिकलेली नं गं?"

त्या दिवशीही बर्फ वितळला. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "आठवडाभर तोंडात काय काय जातं ते टूर डायरीच्या मागच्या पानावर लिहा. खोटं लिहू नका."

मी खरं लिहिलं. जेवण फारसं नव्हतंच. पोरांच्या ताटातलं उरलेलं संपवायची खोड होती, तेवढी सापडली. पण चहा रोजचा चौदा कप. प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि एका कपामागे पाव तास गप्पा. माझं वजन नि माझा उशीर, दोन्ही एकाच कपातून येत होते.

"मग नको म्हणा," डॉक्टर म्हणाले.

त्यांना सांगायला सोपं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी पायथ्याच्या गावात पाटलांच्या घरी मला चहा मिळायचा, पण पडवीच्या वळचणीला खोचलेल्या वेगळ्या कपातून. पिऊन झाला की मीच तो विसळून परत खोचायचा. आम्ही बौद्ध, वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. पुढे पाटीलकाकूंच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण मी सोडवलं. त्यानंतर एकदा काकूंनी काही न बोलता घरातल्या कपबशीतून चहा आणून दिला. मग हळूहळू बाकीच्या घरांतूनही तसाच यायला लागला. तेव्हापासून त्या गावात मी एकाही घरचा चहा नाकारला नव्हता. तो चहा मी मिळवलेला होता. आणि आमच्या बौद्धवाड्यात नको म्हटलं, तर तिथे वेगळीच पंचाईत. "नर्स झाली, आता आमचा चहा गोड लागत नाय हिला!"

तरी एप्रिलभर मी नेट लावला. सकाळी पोटभर भाकरी-भाजी खायची. एसटीतून दोन स्टॉप आधी उतरायचं आणि पिशवी खांद्याला लावून झपझप चालायचं. कंडक्टर पहिले दोन दिवस "बाई, चुकीचं उतरताय" म्हणाला, मग आपणच घंटी मारायला लागला. सकाळचं पाणी भरायचं आमच्या ह्यांनी अंगावर घेतलं. कुरकुरत, पण घेतलं. दर रविवारी मी वाडीची अर्धी चढण चढून उतरायचे. गुडघे इतके दुखायचे की संध्याकाळी पाटावर बसवत नसे. रडकुंडीला येऊन एकदा मी म्हणाले, जाऊ दे, ओपीडी बरी. सोमवारी परत दोन स्टॉप आधी उतरले.

घरोघरी मी चहात साखर नको म्हणायला लागले. आठवड्यात गावभर झालं, नर्सबाईला डायबेटीस झाला. एकीने जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. ती मी घेतली, कारण समजावत बसले असते तर तिने चहा टाकला असता. पाटलांच्या घरी मात्र माझी जीभ उचलेना. एप्रिलच्या सेशनच्या दिवशी तिथे साखरेचा चहा दोन कप प्यायले आणि अर्धा तास बसले. वाडीत पोहोचले तेव्हा सुपारीएवढा बर्फ उरला होता. नऊ पोरांना टोचून होईतो तोही संपला. अर्धी वाडी राहिली.

"अर्धं पास म्हणजे नापासच," डॉक्टर म्हणाले. "एक महिना उरलाय."

मेचं सेशन. ऊन सकाळपासूनच तापलेलं. पाटीलकाकू कपबशी घेऊन बाहेर आल्या.

"काकू, आज चहा नको."

"बिनसाखरंचा करू? लोक सांगत व्हते."

"तोही नको. वजन उतरवायचंय. थांबले की वाडीत बर्फ पोचत नाही, पोरं सुईवाचून राहतात."

काकूंनी बशी ओट्यावर ठेवली. "खरं सांगा, बाई. त्या वळचणीच्या कपाचा राग हाय ना तुमच्या मनात?"

इतक्या वर्षांत त्या कपाचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं, पण मी नको म्हणायला शिकत होते, खोटं बोलायला नाही.

"होता. अजूनही आहे थोडा," मी म्हणाले. "पण आज नको म्हणते ते वजनापायीच."

काकूंनी वळचणीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सासूबाईंनी खोचला व्हता तो. पण मीबी तो काढला नव्हता, ते खरं हाय." पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, "मंग पाणी तरी घेशीला?"

"घेईन."

त्यांनी आतल्या माठातलं तांब्याभर आणलं. मी उभ्यानेच प्याले आणि निघाले.

पन्नास मिनिटांत वाडी आली. दम लागला होता, पण कुठेही बसले नव्हते. बाया अजून घरीच होत्या, कुणाच्या भाकऱ्या चालल्या होत्या. बुधीबायने सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज लय बिगीनं आलीस! पाणी ठिवू चुलीवर?"

"ठेव," म्हणाले, आणि थर्मास उघडला. बर्फाचे खडे एकमेकांवर खडखडले.

एकही पोर राहिलं नाही. शेवटी बुधीबायने स्वतःचा नातू पुढे केला, गेलेल्या पोरीचा धाकटा भाऊ, तीन महिन्यांचा. मी त्याची मांडी धरून सुई टोचली. पोर किंचाळलं. "रडू दे त्याला," बुधीबाय म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. मीही रडले. बाकीच्या बाया आमच्याकडे बघत बसल्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, काट्याकडे बोट केलं. बहात्तर.

"अजून दहा उतरवा," ते म्हणाले. "वाडी तुमचीच."

दहा काही उतरले नाहीत, सहा उतरले. त्या वाडीला मी पुढे नऊ वर्षं चढले. आता ओळखीच्या बाया विचारतात, वजन कमी करायला काय करावं. मी विचारते, "कशासाठी करायचंय?" बहुतेकींना ते सांगता येत नाही. ज्यांना येतं, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज पडत नाही.