काचेला टेकलेलं डोकं

टॅक्सी स्टँडवर त्यांना सगळे आरसेबुवा म्हणायचे. बाहेर कितीही थंडी असो, बाकीच्यांच्या गाड्यांत वाफेने समोरचं दिसेना व्हायचं आणि यांच्या काचा आपल्या लख्ख.

दर रविवारी दाढीचा साबण काचांना आतून चोळायचा आणि कोरड्या फडक्याने चकाकेपर्यंत पुसायचा. तरी वाफ धरलीच तर एसी चालू, वारा समोरच्या काचेवर, हवा बाहेरची. कुणी नुसत्या हाताने काच पुसली की यांचं डोकं फिरायचं. हाताचं तेल लागतं, मग त्याच जागी वाफ दुप्पट धरते, हे पुराण समोरच्याचा चहा गार होईपर्यंत चालायचं.

पण घरचंच माणूस ऐकेल तर शपथ! गाडीत बसलं की बायकोला डुलकी यायची आणि डोकं जायचं शेजारच्या काचेवर. केसांना रोजचं तेल. दुसऱ्या दिवशी गार हवेत बाकी काच स्वच्छ आणि तिथे बशीएवढा धुरकट गोल. बुवा पुसता पुसता कुरकुरायचे, ती हसून सोडून द्यायची.

एकदा मात्र तिची बहीण आणि मेहुणे मागे बसलेले असताना बुवा फाडकन बोलून गेले.

"काच आहे ती, उशी नाही. घाण करून ठेवतेस नुसती."

ती सरळ बसली, आणि त्यानंतर तिने काचेला कधी डोकं टेकलं नाही. डोळा लागलाच तर दचकून जागी व्हायची, पुन्हा मान ताठ. बुवांना वाटलं, चला, शिस्त लागली. कसली डोंबलाची शिस्त! माणूस दुखावलं होतं आणि हे काच बघत होते.

पुढे तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली. अंगात त्राण नव्हतं, मान ठरत नव्हती.

"टेक गं डोकं," ते म्हणाले.

"नको. काच खराब होईल."

टोमणा असता तर परवडला असता. ती खरंच काळजीने बोलली होती. दवाखान्यातून ती परत आली नाही.

तेव्हापासून बुवांनी साबण लावणं सोडलं. परवा एका गार सकाळी ते तिच्या सीटवर जाऊन बसले, काचा वर केल्या आणि वाट बघत राहिले. श्वासाने काच हळूहळू धूसर झाली. कुठेतरी थोडं तेल राहिलं असेल, तो गोल उमटेल, अशी वेडी आशा. पण काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी धुरकटली. इतकी वर्षं घासून घासून त्यांनीच तर तो गोल घालवला होता.

शेवटी त्यांनी तिथे आपलं डोकं टेकवलं. काच गार होती आणि चांगलीच टणक. हिला इथे झोप कशी लागायची, हे विचारायचंही राहून गेलं होतं.