भाताची पिशवी

टिटवाळ्यात आमच्या नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक वयस्क काका रोज सकाळी दिसायचे, थंडीतसुद्धा अनवाणी. नाव मी कधी विचारलं नाही. कॅमेऱ्याची हातभर लांब लेन्स कठड्यावरच्या कापडी पिशवीवर टेकवायची, वरून तळहात ठेवायचा आणि श्वास रोखून लांबचा डोंगर टिपायचा. मला वाटायचं, हौशी माणूस.

एकदा विचारलंच, "काका, रोज तोच डोंगर?"

"लहानपणी बांधावरनं हाच दिसायचा. या लेन्समधून बघितलं की आजूबाजूच्या बिल्डिंगी येत नाहीत."

"पिशवीत वाळू आहे का?"

"नाय रे, भात. आमच्या शेतातलं शेवटचं. लेन्स हलू देत नाय."

"शेत कुठं होतं?"

त्यांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. फक्त अनवाणी टाच फरशीवर हलकेच आपटली.

मी पायातल्या चपला काढल्या.